माझ्या कुंड्यांना पाणी कुणी घातलं?

सुशे, तुझा मोगरा मी उकडून मारला होता.

तुला हे ठाऊक होतंच. पण आता तू मधेच तोंड घालू शकत नाहीस, तेवढा फायदा घेऊन माझ्या बाजूनं एकदा नीट सांगते. आपण दोघीही लोहाऱ्यात नव्यानं नांदायला आलेल्या. घरं भिंतीला भिंत लागून, वर स्लॅबला स्लॅब, मधे गुडघाभर कठडा. भर उन्हाळ्यात तू भावाच्या लग्नाला तेरखेड्याला गेलीस आणि जाताना मोगऱ्याची कुंडी माझ्या हवाली केलीस. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. मॅट्रिक पास झालेली, त्यामुळं जगातलं सगळं कळून चुकलेली. दुपारी वर गेले तर मोगऱ्यानं मान टाकलेली. मला आला कळवळा. उन्हातल्या लोखंडी पिंपात तांब्या बुडवला तर हाताला चटका बसला. शहाण्या बाईनं तिथंच तांब्या खाली ठेवला असता. मी म्हटलं, बाळंतिणीला नाही का आपण गरम पाणी देत? थकलेल्या जिवाला बरंच ते. आणि कुंडी काठोकाठ भरली. वर दुसऱ्या दिवशीही भरली, तिसऱ्या दिवशीही भरली, कारण मान काही वर येईना.

तू येणार त्या सकाळी काड्यांवर एक पान शिल्लक नव्हतं. मग माझ्या मॅट्रिकच्या डोक्यातून दुसरी युक्ती निघाली. बसस्टँडवरून गजरा आणला, सोडवला आणि एकेक फूल वाळक्या काड्यांना बांधून टाकलं. लांबून काय झोकात दिसत होतं! तू वर आलीस, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हतीस. उकिडवी बसलीस, एक फूल दोन बोटांत धरलंस आणि म्हणालीस, "मंदे, आमच्या तेरखेड्याच्या मोगऱ्याला वास असतोय. लोहाऱ्याच्या मोगऱ्याला दोरा असतोय व्हय?"

मी हसले. मग रडले. तू मात्र कुंडीला टिचकी मारलीस आणि मला म्हणालीस, "ऐक." भद्द आवाज आला. "पोटात अजून पाणी हाय बघ. हे तहानेनं न्हाय मेलं, तुझ्या मायेनं मेलं. उद्यापास्नं सकाळी माझ्यासंगं फिरायचं. कशाला हात लावायचा न्हाय. नुसतं बघायचं."

तिथून आपली सकाळची फेरी सुरू झाली, ती पोरांची लग्नं होईपर्यंत, नवरे जाईपर्यंत, नातवंडं शिकायला बाहेर पडेपर्यंत चालली. आधी तुझा स्लॅब, मग कठडा ओलांडून माझा. मातीच्या कुंडीला टिचकी: खणखणीत वाजली तर आत कोरडं, भद्द वाजली तर ओल आहे. तेलाच्या डब्यांना आणि रंगाच्या बादल्यांना टिचकीचा उपयोग नाही, ते उचलून बघायचे, वजन सांगतं. शंका आली तर बोट घालायचं, वरच्या मातीवर विश्वास ठेवायचा नाही. आपली काळी माती वरून भेगाळते आणि आत चिखल धरून बसते. पान उलटं करून बघायचं, पांढरा कापूस दिसला की पिठ्या ढेकूण आलाच. पाडवा झाला की सगळं बिऱ्हाड टाकीच्या सावलीत सरकवायचं. आणि हे सगळं झाल्यावर मग, वाटलंच तर, पाणी. ते पण बोअरचं नाही. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर धरतो, पानांची टोकं जळतात, म्हणून तू नळाचं पाणी येईल तेव्हा पिंपं भरून ठेवायचीस आणि घरातल्या माणसांना बोअरच्या पाण्यानं आंघोळी करायला लावायचीस. तुझे मालक म्हणायचे, "पुढच्या जन्मी मला हिच्या कुंडीत घाला रे कुणीतरी."

इथपर्यंत गोड झालं. आता मुद्द्यावर येते. मी तुझ्यावर चिडले आहे. चिडले म्हणजे साधंसुधं नाही. अबोला धरलेला असताना मरतं का कुणी? अबोल्याचा काही रिवाज असतो. एकीनं धरायचा, दुसरीनं वाट बघायची, मग कुणाच्या तरी बारशात दोघींना एका पंगतीत बसवलं जातं आणि एक म्हणते, "मीठ सरकव." तू मला मीठ मागायची संधी दिली नाहीस. झोपेत गेलीस म्हणे. जो येतो तो सांगतो, "भाग्याची, कुणाला त्रास दिला नाही." मला दिला! माझ्या नावावर आहे तो त्रास, विचारा मला!

आणि अबोला कशावरून, तर तेही लिहितेच.

सोलापूरहून माझ्या नातवानं, सोहमनं, यंत्र आणलं. दोन सळ्या मातीत खुपसायच्या, वर तबकडीवर काटा फिरतो: कोरडं, दमट, ओलं. त्याला वाटलं, आजीचे गुडघे दुखतात, वाकायला नको. मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी ह्या सुशीच्या पुढं जाऊ. कारण तोवर आपल्या दोघींत मी फक्त एकाच बाबतीत तुझ्या पुढं होते आणि तेही तू मान्य करत नव्हतीस. राख! चुलीची राख, बंबाची राख, उदबत्तीची राख, तू सगळी कुंड्यांत ओतायचीस. मी म्हणायचे, आपलं पाणी आधीच खारं, त्यात राखेची भर कशाला, पानं पिवळी पडतात ती त्यानंच. तू म्हणायचीस, "माझ्या आज्जीनं घातली, माझ्या आईनं घातली." मी म्हणायचे, "त्यांच्याकडं आडाचं गोडं पाणी होतं." तू म्हणायचीस, "तू मोगरा उकडलीस." झालं. मोगऱ्यावर गाडी आली की माझी बोलती बंद. इतक्या वर्षांत एका मेलेल्या मोगऱ्याच्या जोरावर तू किती वाद जिंकलीस, काही हिशेब?

तर संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडं होतं. वाण लुटून झाल्यावर मी सगळ्या बायांना वर नेलं, यंत्र दाखवायला. मिरवायला, खरं म्हणजे. कढीपत्त्याच्या कुंडीत सळ्या खुपसल्या. काटा गेला सरळ ओल्यावर. बाया म्हणाल्या, "अगंबाई, थर्मामीटरच की!" तू पुढं झालीस, त्याच कुंडीला टिचकी मारलीस आणि म्हणालीस, "कोरडी हाय."

मी म्हटलं, "काटा ओलं म्हणतोय."

"काट्याला काय कळतंय? कुंडी काय म्हणती ते ऐक."

आणि मग मी जे बोलले ते बोलले. "तूच ऐक बाई. तुला स्वतःच्या दाराची बेल ऐकू येत नाही, कुंडी बरी ऐकू येते!"

सगळ्या हसल्या. तू पण हसलीस. जरा मागून हसलीस, इकडं तिकडं बघून, सगळ्या हसतायत म्हणून. ते मागून हसणं मी बघितलं होतं, सुशे. तुझे कान गेल्या वर्षापासून उतरले होते हे गावात फक्त मला माहीत होतं. तू टिचकी मारायचीस आणि माझ्या तोंडाकडं बघायचीस. मी मान हलवली तर पाणी नको, नाही हलवली तर पाणी. आपण त्यावर कधी बोललो नाही. बोलायचं नसतंच ते. आणि नेमकं तेच मी भर बायांत काढलं. दुसऱ्या दिवशी तू कठड्याशी आली नाहीस. तिसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, बसू दे रुसून, तिळगूळ पचला की येईल.

तू आली नाहीस, आणि मला काय दुर्बुद्धी सुचली म्हणून सांगू? मी तुला ऐकू जाईल अशा आवाजात स्लॅबवरून बोलायला लागले. "वा वा, काय कढीपत्ता फुटलाय! यंत्राची कृपा!" कारण माझ्या कुंड्या खरंच झकास चालल्या होत्या. रोज काटा ओलं म्हणायचा, मी पाणी घालायचे नाही, आणि तरी पानं कशी तुकतुकीत. शेवंती फेब्रुवारीपर्यंत फुलली. मातीवर पांढरा थर नाही, कुठं ढेकूण नाही. मी सोहमला फोन करून सांगितलं, "अरे, पाणीच लागत नाही यांना, तुझं यंत्र म्हणजे चमत्कार आहे." तो म्हणाला, "आजी, ओरडू नकोस, मला ऐकू येतंय." हल्लीचे फोनच तसे आहेत, आवाज नावाला नसतो त्यांच्यात, म्हणून मी आपलं जोरात बोलते.

चैत्रात तू गेलीस.

तुझ्या घरी काय काय झालं ते ऐक, म्हणजे तुलाही जरा चीड येईल, मी एकटीनंच का जळावं. तुळजापूरहून तुझ्या वन्सं आल्या. आल्या आल्या फर्मान: सुतक आहे, तुळशीला कुणी शिवायचं नाही. ठीक. रीतच आहे. पण तेवढ्यावर थांबतील तर त्या तुझ्या वन्सं कसल्या! म्हणाल्या, "वरच्या कुंड्यांना पण हात लावू नका. देवाला वाहायची फुलं असतात त्यांना." तुझ्या सुनेनं, रेखानं, तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तुमच्यात चालत असंल, आमच्यात न्हाय." त्याच घरची सून ना ती? तुमच्यात-आमच्यात कुठून आलं? रेखा आत निघून गेली. तिला एक खोडच आहे, बोलते तेव्हाही तोंडातल्या तोंडात बोलते, दोनदा विचारावं लागतं.

म्हणजे वर ही तऱ्हा. आणि खाली? ओट्याजवळ तुझा गवती चहा, पानओवा आणि त्या कोपऱ्यात कोरफड. भेटायला माणसांची रीघ. येणाऱ्याला पाण्याचा ग्लास द्यायची पद्धत. घेणाऱ्याला नाही म्हणायची चोरी, आणि सुतकाच्या घरचं पाणी तर प्यायचं नाही. मग काय करतात? ग्लास तोंडाजवळ नेल्यासारखा करतात, डोळे टिपतात, "फार वाईट झालं" म्हणतात, आणि उठताना सगळा ग्लास कुंडीत! मी ओट्यावर बसून बघत होते. पाटलीणबाई आल्या, कोरफडीत ग्लास. तुझी भजनाची मंडळी आली, अख्खं भजन कोरफडीत. मास्तर आले, तांब्याच मागितला, चूळ भरली, उरलेला तांब्या पानओव्यात. कोरफड, सुशे! जिला महिना महिना पाणी नको, तिला दुःखात बुडवून मारली. तुझ्या कुंड्यांना कधी बोटही न लावलेल्या माणसांनी. शेवटी मी उठले आणि एकीच्या हातातला ग्लास काढून घेतला. म्हटलं, "प्यायचं नसेल तर घेऊ नका. आणि घेतलं तर प्या. ती कोरफड तुमची कोण लागते?" बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. वन्सं म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, मैत्रीण व्हत्या ना."

खाली बुडवून मारणं आणि वर वाळवून मारणं! एकाच घरात, एकाच वेळी, दोन्ही पापं तुझ्याच नावानं. मला सुतक नव्हतं, मी तुमच्या भावकीतली नाही. सकाळी कठडा ओलांडला, यंत्र घेऊन. हो, यंत्र घेऊनच. म्हटलं, आता बघ कशी तुझ्या कुंड्या शास्त्रशुद्ध जगवते. तुझ्या नव्या मोगऱ्यात सळ्या खुपसल्या. काटा म्हणाला, ओलं. पानं बघितली तर पापड. जास्वंदीत खुपसल्या: ओलं. जास्वंदीची कुंडी उचलून बघितली तर रिकाम्या टोपलीसारखी हलकी. कठडा ओलांडून परत आले, माझ्या कढीपत्त्यात खुपसलं: ओलं. आणि कढीपत्ता पिवळा! इतके दिवस तुझ्या ओट्यावर बसून ग्लास हिसकावण्यात माझं लक्षच नव्हतं. टोकं जळलेली, मातीवर पांढरा थर, शेवंतीनं मान टाकलेली. तू गेलीस तेव्हापासूनच्या थोडक्या दिवसांत, एवढं?

सोहमला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, मातीत क्षार साचले असले तर हे यंत्र फसतं. माती कोरडी असली तरी काटा ओलंच दाखवतो. त्या खोक्यावर लिहिलंय."

"कुठं लिहिलंय?"

"बारीक अक्षरात."

म्हणजे संक्रांतीला भर बायांत तू म्हणालीस ते खरं होतं. कोरडी हाय. मी खाली मान घालून तुझ्या पिंपातलं नळाचं पाणी काढलं आणि दोन्ही स्लॅबवर घातलं. बोट घालत, उचलत, तू शिकवलंस तसं. मोगऱ्याला पाणी देण्याआधी तांब्यात बोट घालून बघितलं, गरम तर नाही ना. हसू नकोस. पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. यंत्र पहिल्यापासून खोटं बोलत होतं, आणि मी पाणी घालत नव्हते, तर मग संक्रांतीपासून चैत्रापर्यंत माझ्या कुंड्या जगल्या कशा?

तेराव्याला तुझ्या महेशनं नवीनच काढलं. "मावशी, आईची आठवण म्हणून आलेल्या प्रत्येकाला एकेक कुंडी द्यावी म्हणतो. हल्ली देतात तशी." तुझा मुलगा मनानं चांगला आहे, पण कुणाला? त्या ग्लासवाल्यांना? मोगरा पाटलीणबाईंना आणि जास्वंद मास्तरांना? म्हणजे पावसाळ्याआधी सगळ्या कुंड्यांचं तेरावं! मी म्हटलं, "स्टीलच्या वाट्या दे." तो म्हणाला, "वाट्यांत आई कुठंय?" पण पहिली कुंडी त्यानं खाली आणली, तुझा मोगराच, तशी मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. गुडघा असा की बसले की उठवत नाही, त्यामुळं मला हलवणं अवघडच. म्हटलं, "ज्याला कुंडी पाहिजे त्यानं आधी सांगायचं, ही ओली आहे का कोरडी. बरोबर सांगेल त्यानं घेऊन जावी."

पाटलीणबाई म्हणाल्या, "वरून तर ओली दिसती." मास्तर म्हणाले, "रोज सकाळी एक तांब्या घातला की झालं, त्यात काय एवढं?" वन्सं म्हणाल्या, "तेराव्याला परीक्षा घेतात का कुणी?" सगळे कुंडीभोवती उभे, आणि हात मात्र कुणाचाच पुढं येईना.

तेवढ्यात रेखा मागून पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन चालली होती. जाता जाता तिनं एका हातात गठ्ठा सावरला, दुसऱ्या हातानं कुंडीला टिचकी मारली, आणि न थांबता म्हणाली, "कोरडी हाय. सुतक फिटलंय, आता सकाळी म्याच घालते पाणी."

ती टिचकी तुझी होती, सुशे. बोट वाकवायची तऱ्हा, मारल्यावर मान तिरकी करायची तऱ्हा. महेशनं आईच्या कुंडीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि कुंडी परत वर नेली. लोकांना वाट्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वर. रेखा तुझ्या स्लॅबवर होती. मी कठड्यापाशी उभी राहून सरळच विचारलं, "माझ्या कुंड्यांना पाणी कुणी घातलं?"

ती काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल."

"आत्यांनी," ती म्हणाली. ती तुला आत्या म्हणायची. "रोज. तुमी उठायच्या आधी कठडा ओलांडून जायच्या. मला बी न्यायच्या."

"तुला कशाला?"

"त्यांना ऐकू येत नव्हतं ना मावशी. त्या टिचकी मारायच्या, म्या ऐकायचे. खणखण म्हणलं की घालायच्या पाणी. नळाचं. वरचा थर खरवडायच्या, पानं उलटी करून बघायच्या. तुमच्या कुंड्या बघून लई शिव्या द्यायच्या. म्हणायच्या, म्हातारीनं काय गत केलीया बघ."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली व्हती. म्हणाल्या, तिचं यंत्र जिंकतंय तर जिंकू दे. आपल्याला कुंड्या जगवायच्यात."

सुशे, तुझी हिंमत कशी झाली? माझ्या स्लॅबवर, माझ्या डोक्यावर येऊन, मला न विचारता माझ्या कुंड्या जगवायची? मी इकडं यंत्राचे गोडवे गातेय, तिकडं तू पदर तोंडात कोंबून हसत असशील. मी तुला ऐकू जावं म्हणून ओरडत होते, "यंत्राची कृपा!" आणि त्या कृपेला गुडघे धरून रोज पहाटे कठडा ओलांडावा लागत होता. मी तुझा अपमान केला आणि तू त्याचं असं उट्टं काढलंस? भांडली असतीस, चार बायांत माझा मोगरा काढला असतास, तर मी जन्मभर तोंड वर करून चालले असते. आता कुणाशी भांडू? तुझे कान मी काढले ते चुकलंच माझं. घे. म्हटलं. कढीपत्त्याच्या साक्षीनं म्हटलं. पण हे ऐकायला तू हवी होतीस, आणि ऐकू आलं नसतं तर मी तुझ्या तोंडासमोर येऊन पुन्हा म्हटलं असतं, दहादा म्हटलं असतं.

आणि अजून एक. रेखा म्हणाली, माझ्या कुंड्यांत तू राख टाकली नाहीस. ती डबा घेऊन निघाली तर तिला अडवलंस. "हिच्यात नगं टाकू. राखेचं तिचं म्हणणं खरं निघालं, आपली पानं पिवळी पडत्यात. पण तिला सांगू नगंस, डोक्यावर बसंल." म्हणजे मी जिंकले होते! इतक्या वर्षांत एकदा जिंकले, आणि ती बातमी मला तुझ्या तेराव्यानंतर कळावी? ही कसली चोरी? जिवंतपणी एकदा म्हणाली असतीस, "मंदे, राखेचं तुझं बरोबर," तर मी गावात साखर वाटली असती. वर जाऊन बसलीस ती बसलीस, माझा विजय बरोबर घेऊन गेलीस.

एकच गोष्ट माझ्या ध्यानात येत नव्हती. म्हटलं, "रेखा, पण माझी खोली ह्या स्लॅबखालीच. मी पहाटेच जागी असते. इतक्या कुंड्या, इतक्या टिचक्या, तुमचं दोघींचं बोलणं, शिव्या. मला एकदाही ऐकू कसं आलं नाही? मला तर टाचणी पडलेली ऐकू येते."

रेखानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग मला वाटलं, सकाळची फेरी आपणच सुरू करावी. कठडा ओलांडला, गुडघ्यानं शिव्या घातल्या त्या ऐकल्या, तुझ्या मोगऱ्यापाशी वाकले आणि टिचकी मारली. मान तिरकी केली. काहीच आलं नाही. खणखण नाही, भद्द नाही. मला वाटलं, बोट नीट लागलं नाही, म्हणून परत मारली, जरा जोरात. रस्त्यावर टेम्पो नव्हता, कुणाचा टीव्ही नव्हता, समोर नुसती लोहाऱ्याची सकाळ, आणि कुंडी मुकी. मी मान वर करून रेखाच्या तोंडाकडं बघितलं. आणि मग मला कळलं की मी कुणासारखं बघतेय.

तुझी सून माझ्याजवळ उकिडवी बसली, कुंडीला कान लावला, आणि माझ्याकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाली:

"मावशी, टिचकी तुमी मारत जावा, ऐकायचं म्या बघते. आत्यांचं बी असंच चालायचं, अन् तुमाला तर त्यांच्याहून बी कमी ऐकू येतंय."